थोरलीच्या हातातल्या किल्ल्या

गॉथिक कादंबरीला, म्हणजे जुन्या वास्तूतल्या भयकथेला, आधी रिकामं घर लागतं. न संपणारे बोळ, करकरणारा जिना, वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद दार, आणि माणसांपेक्षा खोल्या जास्त. हॉरेस वॉलपोलने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ छापली, पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘अ गॉथिक स्टोरी’ अशी शेपटी जोडली, आणि तेव्हापासून या प्रकाराचा मुक्काम किल्ले, मठ आणि पडक्या हवेल्या सोडून फारसा हललेला नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आजी धरून सहा माणसं होती. पोटमाळ्यावर गणपतीचं मखर, तांब्याचा बंब आणि कुणाकुणाच्या लग्नात आलेली, कधीच न वापरलेली भांडी. भुताला यायचंच असतं, तर आधी आम्हाला त्याच्यासाठी जागा करावी लागली असती.

तसा ठाण्याला स्वतःचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला काढला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटला तो इथूनच. त्याच्यावर पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला होता. बाहेर घोड्यांची निगा राखणारा एक मोतद्दार मराठीत गाणी म्हणत असे, सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यांतून आत पोचत होता आणि पहारेकऱ्यांना अक्षर कळत नव्हतं, असं सांगतात. पुढे त्या किल्ल्याचा तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी दिलं. एखाद्या इंग्रज बाईला एवढा ऐवज मिळाला असता तर तिने तीन खंड लिहिले असते. मला मात्र त्या भिंतीची कधी भीती वाटली नाही. रिक्षातून स्टेशनला जाताना ती दिसायची आणि मागे पडायची. माझी भीती घरातच, भिंतीला टेकून उभी होती. आईचं गोदरेजचं कपाट.

कपाटाबद्दल सांगतेच. आधी ज्या पुस्तकांमुळे ते आठवलं त्यांच्याबद्दल.

ताईची मुलगी अकरावीत आहे. ‘मावशी, हे तू वाचच,’ असं ती म्हणाली की मी निमूट वाचते, कारण तिच्याशी बोलायला तेवढाच एक विषय अजून शिल्लक आहे. या वेळी तिने दिलं ते ‘द केहिल विच क्रॉनिकल्स’. जेसिका स्पॉट्सवूड या अमेरिकन लेखिकेची तीन पुस्तकांची मालिका: ‘बॉर्न विकेड’ २०१२ चं, ‘स्टार कर्स्ड’ २०१३ चं आणि ‘सिस्टर्स फेट’ २०१४ चं. ‘यंग अ‍ॅडल्ट’ असा शिक्का असलेलं पुस्तक चाळिशी उलटलेल्या बाईने वाचावं का, वगैरे प्रश्न मला पडत नाहीत. मी ऐरोलीला नोकरी करते. ठाणे–वाशी लोकलच्या लेडीज डब्यात कुणाच्या फोनवर काय चाललंय याची कुणाला फिकीर नसते. सगळ्यांचं लक्ष कानातलेवालीच्या पुठ्ठ्यावर. खरी पंचाईत ऐरोली फार लवकर येतं ही आहे. प्रकरण अर्ध्यात सोडून उतरावं लागतं.

गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली, पण हे न्यू इंग्लंड शाळेच्या इतिहासातलं नाही. इथे एके काळी चेटकिणींचं राज्य होतं. ते उलथवून ‘ब्रदरहुड’ नावाच्या पुरोहितांनी सत्ता घेतली आहे, आणि चेटूक येणारी मुलगी सापडली की तिला वेड्यांचं इस्पितळ, कैद्यांचं जहाज, नाहीतर मरण. केट, मौरा आणि टेस या तीन बहिणी चेटकिणी आहेत आणि ते लपवून जगताहेत. आई गेलेली, वडील असून नसल्यासारखे. मुलगी सतराची झाली की तिने जाहीर सांगायचं: लग्न करणार, की ‘सिस्टरहुड’ या साध्वींच्या संघात जाणार. तिसरा रस्ता नाही. केटच्या हातात सहा महिने उरलेत. अशात आईची डायरी सापडते आणि त्यामागोमाग एक भाकीत उघड होतं. विसावं शतक उजाडायच्या आत तीन चेटकीण बहिणी वयात येतील, त्यांच्यातली एक कित्येक शतकांत झाली नाही इतकी ताकदवान असेल, आणि तिघींपैकी एक दुसरीचा जीव घेईल.

भाकितात नाव नाही. मला विचाराल तर लेखिकेची खरी हुशारी इथे आहे. कोण कुणाला मारणार हे ठाऊक नसल्यामुळे तिघींच्या साध्या साध्या वागण्याला धार येते. एकीने दुसरीला मिठी मारली तरी आपण तिचे हात बघतो. धुकं, बागेतले पुतळे, आईची कबर, असा गॉथिकचा नेहमीचा सरंजाम सगळा आहे, पण त्याने काही फारसं बिघडत नाही नि घडतही नाही. भीती येते ती एकाच घरात झोपणाऱ्या तीन मुलींची एकमेकींबद्दल. बाकी केट आणि माळीकाम करणारा फिन यांचं प्रेमप्रकरण मी बरंचसं वरवर वाचलं. भाचीला तेच सगळ्यात आवडलं होतं. वय.

आता इथून पुढे मी गोष्ट फोडणार आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी दोन परिच्छेद डोळे मिटून ओलांडावेत.

मधली मौरा. देखणी, तापट, गावात गुदमरलेली. शिकवायला घरी आलेल्या एलेनावर तिचं मन बसतं, आणि एलेना मुळात सिस्टरहुडने पाठवलेली असते. संघाला हवी असते भाकितातली ती ताकदवान मुलगी, आणि सगळ्यांचे डोळे केटवर. मौराला ती जागा हवी आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ती फिनच्या मनात शिरून केटची आठवणच पुसून टाकते. समोर उभा असलेला माणूस आपल्याला ओळखत नाही, आणि हे आपल्या सख्ख्या बहिणीने केलं आहे. तो प्रसंग वाचताना मी रबाळेला पोचले होते. ऐरोली मागे गेलं ते कळलंच नाही.

‘मौरा किती वाईट आहे ना!’ भाची म्हणाली. भाची एकुलती एक आहे. मी तीन बहिणींतली मधली आहे.

मधलीचं म्हणून एक वाचन असतं, ते थोरल्यांना आणि एकुलत्यांना येत नाही. माझ्या कंपासपेटीच्या झाकणावर ताईचं नाव होतं, कर्कटकाने खोल कोरलेलं. ते घासून जाईना म्हणून मी वर स्टिकर चिकटवायची, आणि पावसाळ्यात स्टिकर निघाला की खालून पुन्हा ताई. वर्गातल्या बाई मला तिच्याच नावाने हाक मारायच्या आणि मग ‘अगं, तू ती नव्हेस का’ म्हणून माझ्याकडे जरा हिरमुसून बघायच्या. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, पण आमच्यापुरतं ते ताईच्या कार्डावर चालायचं. नारायण धारपांची पुस्तकं ती आणायची, रात्रीतून संपवायची आणि सकाळी परत करून यायची. ‘तू घाबरशील.’ मी घाबरणार की नाही हे तिने न विचारता ठरवलेलं असायचं. त्यामुळे मौराचा जळफळाट मला समजावून सांगावा लागला नाही.

पण मुद्दा जळफळाटाचा नाही. तिन्ही पुस्तकं केट सांगते, ‘मी’ म्हणून, वर्तमानकाळात. म्हणजे घरातल्या भांडणाची हकिगत आपण पहिल्या पानापासून थोरलीच्या तोंडून ऐकतो. थोरलीचं वाक्य ठरलेलं असतं: आईला वचन दिलंय, दोघींना सांभाळायचंय. आणि सांभाळायचं म्हणजे काय करायचं? डायरी सापडल्याचं लगेच सांगायचं नाही. भाकीत कळल्यावर ते पोटात ठेवायचं. कुणावर विश्वास टाकायचा, कुठे जायचं, केव्हा बोलायचं, हे आपण ठरवायचं आणि बाकीच्यांना ठरल्यावर सांगायचं. गॉथिक कादंबरीत किल्ल्या पूर्वी मालकाकडे असायच्या. एखादा सरदार, एखादा करारी नवरा. या मालिकेत वडील सतत बाहेरगावी आणि किल्ल्या थोरल्या बहिणीच्या हातात. कुलूप तिने प्रेमापोटी लावलंय, म्हणून ते तोडणारी मधली दुष्ट ठरते.

तर, कपाट.

करड्या रंगाचं, आईच्या लग्नातलं, दारावर आतून लांब आरसा. वरच्या कप्प्यात पैठणी आणि शालू मलमलच्या फडक्यात, मधल्या कप्प्यात घरखर्चाची वही आणि धोब्याच्या चिठ्ठ्या, त्याखाली लॉकर. उघडलं की डांबरगोळ्यांचा वास असा यायचा की डोळे मिटूनही कळावं. लॉकरच्या किल्लीला दोनदा फिरवून शेवटी किंचित वर उचलावं लागे. ते आईला जमायचं आणि ताईला. किल्ल्या आईच्या कमरेला.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त, म्हणजे १८१७ च्या अखेरीस, ऑस्टिन गेल्यावर छापलेल्या पुस्तकात, गॉथिक कादंबऱ्या वाचून डोकं फिरलेली कॅथरीन वादळी रात्री पाहुण्यांच्या खोलीतलं काळं-पिवळं कपाट उघडते. आत कागदाची गुंडाळी सापडते. मेणबत्ती विझते. रात्रभर ती अंथरुणात थरथरते, आणि सकाळी बघते तर धुलाईचा हिशोब. गॉथिकची एवढी मस्त खोड दुसऱ्या कुणी काढली असेल असं मला वाटत नाही. फक्त माझ्या बाबतीत उलटं झालं. आमच्या कपाटात धोब्याच्या चिठ्ठ्याच असतात असं मी धरून चालले होते.

माझ्या बारावीच्या परीक्षेच्या सुमारास आई ‘नाशिकला मामांकडे’ गेली. आजोबांना बरं नाही, असं मला सांगण्यात आलं. घर ताईकडे आलं आणि किल्ल्याही. तिने त्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधल्या होत्या. ती चालायला लागली की गुडघ्यापाशी वाजायच्या. दुपारी ती ‘लायब्ररीत’ जायची आणि जाताना डबा न्यायची. लायब्ररीत डबा कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही, माझ्या डोक्यात ऑरगॅनिक केमिस्ट्री होती. एकदा परीक्षेच्या केंद्रावर जायला रिक्षाचे पैसे मागितले तेव्हा तिने कपाट उघडलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. लॉकरला खांद्याने आडोसा. तरीही आरशात मला कप्प्याची कड दिसली: खाकी रंगाचं मोठं पाकीट, एक्स-रे घालतात तसलं, साड्यांवर तिरकं ठेवलेलं. तिने दार लावलं. आरसा गेला.

आई मुंबईत एका रुग्णालयात होती. गर्भाशयात गाठ होती, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. हे सगळं मला शेवटचा पेपर देऊन आल्यावर जेवताना कळलं. बाबा ताटात बघत होते. धाकटीला पहिल्यापासून माहीत होतं, कारण तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून ताई तिला सोबत न्यायची. ते कळल्यावर मी जेवणावरून उठले. आईच्या गाठीसाठी नाही, धाकटीसाठी. आजही उठेन.

‘तुला कळून तू काय करणार होतीस?’ ताई म्हणाली होती. याला उत्तर नसतं. चांगला प्रश्न आहे तो, थोरल्यांच्या हातातला.

आई ठणठणीत आहे. माझे मार्कही बरे आले. म्हणजे ताईचा निर्णय सगळ्या बाजूंनी बरोबर ठरला, आणि बरोबर ठरलेल्या निर्णयाविरुद्ध तक्रार करायची सोयच नसते. मौराचं तेच दुखणं आहे. केट बहुतेक वेळा बरोबरच असते.

या मालिकेबद्दल एक मत असं असतं की बहिणींचं वैर हे मुळात बहिणींचं नाहीच. पुरुषांच्या ब्रदरहुडने बायकांना कोंडलं, सिस्टरहुडमधल्या मोठ्या बायकांनी मुलींना हत्यार म्हणून वापरायचं ठरवलं, आणि बिचाऱ्या पोरी एकमेकींवर उठल्या. हे खोटं नाही. शिक्षण नाही, मिळकत नाही, निवडायला दोनच वाटा आणि त्यातही एकीला मिळालं तर दुसरीचं जाणार, अशा घरात प्रेमालासुद्धा हिशोब ठेवावा लागतो. तरी माझं त्याने समाधान होत नाही. मौराचा मत्सर तिचा स्वतःचा आहे. तो व्यवस्थेच्या खात्यावर टाकला की तिच्याकडे उरतं काय?

इथे मला कद्रू आणि विनता आठवतात. आदिपर्वातल्या या दोघी दक्षाच्या मुली, सख्ख्या बहिणी, दोघी कश्यपाला दिलेल्या. कश्यपाने वर दिला तेव्हा कद्रूने हजार नाग मागितले, आणि विनताने दोनच मुलगे, पण कद्रूच्या हजारांहून बलवान. पुढचा भाग सगळ्यांना माहीत असतो: उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीच्या रंगावर पैज, कद्रूने मुलांना काळे केस होऊन शेपटीला चिकटायला सांगणं, नकार देणाऱ्या स्वतःच्याच मुलांना जनमेजयाच्या सर्पसत्रात जळाल असा शाप, आणि विनताचं दास्य. कद्रू लबाड, विनता गरीब गाय, असा निकाल आपण लावून मोकळे होतो.

पैजेच्या आधीचा प्रसंग मात्र सांगताना लोक घाईने उरकतात. अंडी पाचशे वर्षं उबेत ठेवलेली. कद्रूची हजार पिल्लं बाहेर येतात, विनताची दोन्ही अंडी तशीच. तिला राहवत नाही. ती एक अंडं स्वतः फोडते. आत मुलगा, कमरेपर्यंत पूर्ण घडलेला, खालचा भाग अजून झालेलाच नाही. तो अरुण. तोच आईला शाप देतो, की जिच्याशी बरोबरी करायला गेलीस तिचीच दासी होशील. आणि सांगतो की दुसरं अंडं तेवढं फोडू नकोस, आणखी पाचशे वर्षं थांब. त्यातून गरुड येतो आणि आईला सोडवतो. म्हणजे पैज, शेपूट, नाग हे सगळं नंतरचं. मूळ त्या अंड्यात आहे. विनताला कुणी भरीला घातलं नव्हतं. ना कश्यपाने, ना कद्रूने. बहिणीच्या अंगणात पोरं खेळताना दिसली आणि हात पुढे झाला. मौरा फिनची आठवण पुसते तेव्हा मला तो हात दिसला. आणि कद्रूची बाजू कुणी ‘मी’ म्हणून सांगितली असती तर? हजार मुलं असूनही जिच्या दोन मुलांशीच आपली तुलना होणार, अशी बहीण रोज समोर. महाभारतात ती संधी कद्रूला मिळत नाही, आणि या मालिकेत मौराला.

गंमत अशी की खऱ्या न्यू इंग्लंडने तीन बहिणींची गोष्ट वेगळी लिहिली आहे. सेलममध्ये १६९२ साली चेटकिणींचे खटले चालले, एकोणीस जणांना फाशी झाली. (जाळलं कुणालाच नाही, ती चिता आपण सिनेमांतून उचललेली.) आरोपींत तीन बहिणी होत्या, रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस. थोरली रिबेका, सत्तरीची, आधी पकडली गेली. त्यानंतरच्या एका रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी प्रवचनाला वचन निवडलं ते बारा शिष्यांपैकी एक सैतान असल्याचं. रोख कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळलं. सारा भर प्रवचनातून उठून बाहेर पडली आणि मागे दार धाडकन वाजलं. लवकरच तिच्यावरही आरोप आला. रिबेकाला जुलैत फाशी दिलं, मेरीला सप्टेंबरमध्ये. मेरीने न्यायाधीशांना लिहिलेल्या अर्जात स्वतःचा जीव मागितला नाही, यापुढे आणखी निष्पापांचं रक्त सांडू नये एवढंच मागितलं. सारा वाचली.

त्या तिघी घरात कशा भांडत असतील, कंपासपेटीवर कुणाचं नाव असेल, हे त्या काळच्या कागदांत येत नाही. तिथे फक्त दार वाजल्याचं आलंय. मला ते दार तिन्ही पुस्तकांतल्या जादूपेक्षा जास्त आवडलं. पण तीन पुस्तकं वाचायची तर मी मौराच घेईन, हेही तितकंच खरं. एकमेकींसाठी उभ्या राहणाऱ्या बहिणींना आपण नमस्कार करतो. पान उलटायला लावतात त्या दुसऱ्या.

पहिला भाग ताईनेही वाचला, लेकीच्या टॅबवर, चष्मा कपाळावर सरकवून. गेल्या रविवारी आईकडे जमलो तेव्हा पोहे निवडता निवडता ती एकदम म्हणाली, ‘त्या मौराला केटने वेळीच एक ठेवून द्यायला हवी होती. किती करते ती बिचारी सगळ्यांसाठी!’

‘डायरी सापडली त्याच दिवशी दाखवली असती तर?’

‘कशी दाखवणार? मौरा केवढी तापट! जाऊन काहीतरी करून बसली असती.’

‘काय करून बसली असती?’

‘ते मला काय माहीत? पण केटला माहीत होतं ना.’

धाकटी हसायला लागली. तिने एकही भाग वाचलेला नाही, तिला आम्हा दोघींकडे बघूनच गोष्ट कळते. आईने आतून विचारलं, कोण मौरा, कुठे राहते. ताईने पोह्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

‘पण काय गं, तो फिन चांगला आहे ना शेवटपर्यंत? म्हणजे दुसऱ्या भागात त्याचं काही होत नाही ना? सांगून टाक, मला उगीच टेन्शन नको.’

‘वाच की,’ मी म्हटलं. ‘कळेल.’